टिळकांचं बुडालेलं वर्ष

मंडळी, टिळकांवरचा लेख आणि सुरुवात जिममधून, हे बघून दचकू नका. दोन्हींचा संबंध आहे. तो मी ओढूनताणून जोडलेला नाही, खुद्द टिळकांनीच सोळाव्या वर्षी जोडून ठेवलेला आहे.

झालं असं, की गेल्या वर्षी दिवाळीचा फराळ संपला आणि माझा रक्ताचा रिपोर्ट आला. मी कॅमडेनला राहतो, आयटी कन्सल्टंट आहे, वय छत्तीस. दिवसभर लोकांच्या सिस्टिम्सची तब्येत बघायची आणि संध्याकाळी सोफ्यावर बसून स्वतःची बिघडवायची, असा बरीच वर्षं चाललेला कार्यक्रम. रिपोर्टमध्ये एचबीएवनसी ४३ निघालं. इथल्या एनएचएसच्या मोजमापात ४२ ते ४७ म्हणजे मधुमेह अजून घरात आलेला नाही, पण उंबरठ्यावर चपला काढतोय. मला काही पटेना. वजन जेमतेम ६४ किलो, हातपाय काटकुळे, थोडंसं पोट, एवढंच. लठ्ठ माणसांचा आजार मला कसा काय? डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, की भात कमी करा, चाला, आणि आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचला.

आयुष्यात गणपतीच्या पाटापलीकडे काही उचललेलं नव्हतं. तरी घराजवळच्या एका जिममध्ये गेलो. तिथल्या पोरसवदा ट्रेनरला विचारलं, की फरक दिसायला किती दिवस लागतील? त्याने बारा आठवडे सांगितले आणि त्याच श्वासात वर्षभराचं पॅकेज पुढे केलं. मी पडलो इंजिनिअर. कुणी आकडा सांगितला की तो कुठून आला हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून वाचायला लागलो, आणि रविवारी चालायलाही लागलो.

कॅमडेन लॉकपासून रीजंट्स कालव्याच्या काठाकाठाने पश्चिमेकडे निघालं, की प्राणिसंग्रहालय मागे पडतं आणि साधारण अडीच मैलांवर लिटल व्हेनिस लागतं. तिथे जवळच हाउली प्लेस नावाची एक शांत गल्ली आहे. तिच्यातल्या १० नंबरच्या घरावर निळी पाटी आहे. १९१८-१९ मध्ये लोकमान्य टिळक या घरात राहत होते. आपल्याकडे देशातून पाहुणे आले, की किंग हेन्रीज रोडवरचं डॉ. आंबेडकरांचं घर आपण आवर्जून दाखवतो. ते तर आमच्या कॅमडेनमध्येच आहे. टिळकांचं घर मात्र पुष्कळांना माहीत नसतं. मलाही नव्हतं. त्या पाटीखाली धापा टाकत उभा असताना एकदम आठवलं, की टिळकांचीही अशीच एक गोष्ट आहे. शेंगांच्या टरफलांची नव्हे, दुसरी. एका काडीपैलवान पोराने वर्षभरात शरीर कमावल्याची.

बाळ टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक, संस्कृत आणि गणित या दोन्हींत पक्के, आणि मुलाचं पहिलं शिक्षण त्यांनीच केलेलं. १८६६ साली त्यांच्या बदलीमुळे बिऱ्हाड पुण्याला आलं आणि त्याच वर्षी आई पार्वतीबाई गेल्या. १८७१ मध्ये, त्या काळच्या रीतीप्रमाणे, बाळचं लग्न झालं. १८७२ च्या ऑगस्टमध्ये वडीलही गेले. त्याच वर्षी तो मॅट्रिक झाला आणि १८७३ च्या सुरुवातीला डेक्कन कॉलेजात दाखल झाला. तेव्हा त्याचं वय साडेसोळा. डोक्यावर आईवडिलांचं छत्र नाही, घरात बायको, घरादाराच्या सगळ्या आशा या हुशार पोरावर. आणि शरीर? किरकोळ, अशक्त. बुद्धीच्या मानाने देह अगदीच मागे राहिलेला.

अशा परिस्थितीत शहाणा मुलगा काय करेल? पुस्तकात डोकं घालेल. आपण सगळ्यांनी तेच केलं. बारावी आहे, म्हणून खेळ बंद. इंजिनिअरिंग आहे, म्हणून झोप बंद. नोकरी नवीन आहे, व्हिसाचं व्हायचंय, घराचं मॉर्गेज आहे, मुलं लहान आहेत. शरीराचं नंतर बघू. बाळ टिळकाने नेमकं उलटं केलं. कॉलेजचं पहिलं वर्ष त्याने शरीराला देऊन टाकलं. सकाळी तालीम, कुस्ती, मग नदीत मनसोक्त पोहणं. डेक्कन कॉलेज येरवड्याच्या बाजूला, नदी हाकेच्या अंतरावर. व्यायामाने भूक वाढली, खाणं वाढलं, झोप वाढली. पुस्तकं कोपऱ्यात पडून राहिली. व्हायचं तेच झालं. परीक्षेच्या दृष्टीने ते वर्ष बुडालं. त्याच्या बरोबरीची मुलं पुढे गेली, हा मागे राहिला.

पण वर्षाअखेरीला जो मुलगा तालमीतून बाहेर पडला, तो पहिला नव्हता. छाती भरली होती, दंड भरले होते. टिळकांच्या बहुतेक चरित्रकारांनी पुढच्या सगळ्या हालअपेष्टा सोसण्याचं श्रेय या एका वर्षाला दिलेलं आहे. लहानपणी हे वाचलं की मला थोर पुरुषांच्या गोष्टींत असते तशी अतिशयोक्ती वाटायची. एका वर्षात एवढं होतं होय?

होतं. गेल्या वर्षभरात मी जे वाचलं आणि थोडंफार अंगावर अनुभवलं, त्यावरून सांगतो.

व्यायामाची अजिबात सवय नसलेला माणूस जेव्हा ताकदीचा व्यायाम सुरू करतो, तेव्हा पहिल्या तीन-चार आठवड्यांत त्याची ताकद भराभर वाढते, पण स्नायू फारसे वाढलेले नसतात. वाढते ती मेंदूची आणि नसांची समज. स्नायूतले अनेक तंतू एरवी झोपा काढत असतात. त्यांना एकदम कसं कामाला लावायचं, हे शरीर शिकतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर तेच, फक्त ड्रायव्हर अपडेट झाला. या दिवसांत आरशात दंड जरासे फुगलेले दिसतात, पण त्यात बराचसा भाग सुजेचा आणि पाण्याचा असतो. खरी वाढ मोजता येण्याजोगी व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. एकदा जोर लावून व्यायाम केला की पुढचे २४ ते ४८ तास स्नायू नवीन प्रथिनं बांधायचं काम जोरात करतात. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं, पण महिन्यातून दोनदा पुरत नाही. दहा आठवड्यांच्या नियमित व्यायामात सामान्य माणसाचं चरबीविरहित वजन सरासरी १.४ किलोने वाढतं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

हा झाला सरासरीचा आकडा. माणसामाणसांत फरक किती असतो, ते बघायला २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बघा. त्यात ५८५ स्त्री-पुरुषांनी बारा आठवडे एकाच हाताचा व्यायाम केला. दंडाच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सरासरी १९ टक्क्यांनी वाढलं. पण कुणाचं ५९ टक्क्यांनी वाढलं, तर कुणाचं वाढलंच नाही, उलट किंचित घटलं. तेव्हा शेजारच्या माणसाचे दंड बघून खट्टू होण्यात अर्थ नाही.

यातली सगळ्यात गमतीची गोष्ट अशी, की ही घाई फक्त नवशिक्याच्या नशिबी असते. जो शून्यावर उभा आहे त्याला शरीर सगळ्यात जास्त व्याज देतं. वर्ष-दोन वर्षांनी तोच घाम गाळून निम्मंही मिळत नाही. बाळ टिळक शून्यावर होता, शिवाय वय सोळा-सतरा. त्या वयात शरीर आपणहून वाढत असतं, त्याला फक्त वाट करून द्यायची असते. त्यात भरपूर खाणं, झोप आणि रोजची तालीम. मग वर्षात कायापालट झाला यात नवल नाही. लोखंडी वजनं नसली म्हणून काही अडलं नाही. आपलं शरीर लोखंड ओळखत नाही, ते फक्त जोर ओळखतं. जोर आणि बैठका दमेपर्यंत मारल्या, रोज दोन-दोनने वाढवल्या, किंवा समोर आपल्याहून भारी गडी घेऊन कुस्ती केली, तरी स्नायूला निरोप तोच पोचतो. तालमीतले वस्ताद हे पूर्वीपासून जाणत होते. करेल, मुद्गल, नाल ही त्यांची वजनंच होती.

इथे एक कॅमडेनची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रस या दोन स्टेशनांच्या मध्ये विटांची एक देखणी जुनी इमारत आहे, जर्मन जिम्नॅशियम. लंडनमधल्या जर्मन लोकांच्या व्यायाम संस्थेने ती १८६४-६५ मध्ये बांधली. १८६६ च्या राष्ट्रीय ऑलिंपियन खेळांतले काही सामने तिथे झाले. २०१५ मध्ये तिथे रेस्टॉरंट उघडलं. तर या इमारतीत एके काळी जे व्यायाम चालत, त्यांत एक होता इंडियन क्लब फिरवण्याचा. म्हणजे आपली करेलच की! हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या तालमींतून उचलून ती विलायतेला नेली. येरवड्याला बाळ टिळक अंगाला माती लावत होता, त्या काळात कॅमडेनमधले जर्मन आपली करेल फिरवत होते. आणि त्यानंतर दीडशे वर्षांनी मी त्याच कॅमडेनमध्ये महिन्याला पौंड मोजून ही विद्या विकत घेतोय.

असो. पुन्हा पुण्याला जाऊ. बुडालेल्या वर्षाने टिळकांचं पुढे काही बिघडलं नाही. गणित घेऊन ते बी.ए. पहिल्या वर्गात पास झाले, १८७९ मध्ये एलएल.बी. झाले. कॉलेजातच आगरकर भेटले. सरकारी नोकरी करायची नाही, देशाला शिक्षण द्यायचं, हा दोघांचा निश्चय झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, वामन शिवराम आपटेही येऊन मिळाले. १८८१ मध्ये केसरी आणि मराठा निघाले. शाळेत शिकवायचं, लेख लिहायचे, छापखान्यात उभं राहायचं. पगार तुटपुंजा, झोप त्याहून तुटपुंजी. आपल्या स्टार्टअपवाल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

वर्षभरातच कोल्हापूर प्रकरण उभं राहिलं. तिथल्या दिवाणांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. दोघंही तेव्हा सव्वीस वर्षांचे. दोघांचंही वजन उतरलं, प्रकृती खालावली. टिळक बाहेर आल्यावर सावरले. आगरकरांना दमा होता, तो त्यांच्या मागे शेवटपर्यंत लागला.

या मित्रमंडळींच्या आयुष्याच्या तारखा मी एकदा कागदावर लिहून काढल्या आणि मला कसंसंच झालं. चिपळूणकर १८८२ मध्ये गेले, वय ३१. आपटे १८९२ मध्ये गेले, वय ३४. आगरकर १८९५ मध्ये गेले, वय ३८. मी आज छत्तीस वर्षांचा आहे. या तिघांच्या बुद्धीबद्दल किंवा त्यागाबद्दल कुणी बोट दाखवू शकणार नाही. पण ज्या कामासाठी त्यांनी आयुष्य वाहिलं ते करायला त्यांना शरीराने वेळच दिला नाही. टिळकांना दिला. ते ६४ वर्षं जगले. आता एका माणसाच्या उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये, हे मला कळतं. त्या काळी रोगराई होती, औषधं नव्हती, नशिबाचा भाग होता. दमा हा काही तालीम न केल्याचा दंड नव्हे. तरीही त्या कागदाकडे बघितलं, की १८७३ साल खरंच बुडालं होतं का, असा प्रश्न पडतो.

१८९३-९४ पासून टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्यात पुढाकार घेतला. मंडपात मूर्ती, आरती, मेळे हे सगळं आपल्याला माहीत असतंच. पण पुण्याच्या मानाच्या गणपतींमधला तिसरा गणपती एका तालमीचा आहे, गुरुजी तालमीचा, याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. पुण्यातल्या तालमी ही नुसती व्यायामाची जागा नव्हती. पेठेतली पोरं तिथे एकत्र येत, आणि उत्सवासाठी लागणारे हात तिथूनच मिळत. तालमीची माती अंगाला लागलेल्या माणसाला ही ताकद ओळखायला वेळ लागला नसेल.

मग १८९७ आलं. प्लेग, रँडचा खून, आणि केसरीतल्या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. वय ४१. अन्न निकृष्ट, काम काथ्याचं. मुंबईच्या तुरुंगात प्रकृती फारच ढासळली, तेव्हा त्यांना येरवड्याला हलवलं. म्हणजे बघा, ज्या येरवड्याच्या बाजूला पंचवीस वर्षांपूर्वी हा माणूस शरीर कमावत होता, तिथेच आता कोठडीत बसून ते झिजताना बघत होता. मॅक्स म्यूलरसारख्या विद्वानांनी रदबदली केली, आणि सप्टेंबर १८९८ मध्ये, मुदतीच्या काही महिने आधी, सुटका झाली. टिळक सिंहगडावर जाऊन राहिले, हवा आणि अन्न घेतलं, आणि डिसेंबरात मद्रासच्या काँग्रेसला हजर!

इथे पुन्हा थोडं विज्ञान. एकदा कमावलेला स्नायू झिजला, तरी पूर्ण हिशेब मिटत नाही. स्नायूच्या तंतूत व्यायामाने जी नवीन केंद्रकं येतात, ती स्नायू आकसल्यावरही बराच काळ टिकतात, असं २०१० साली ऑस्लोच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवलं. माणसांबद्दल यावर अजून वाद चालू आहे, पण अनुभव तसाच आहे. २०२४ मध्ये फिनलंडमध्ये झालेल्या एका प्रयोगात लोकांनी दहा आठवडे व्यायाम केला, मग दहा आठवडे पूर्ण सोडला. पुन्हा सुरू केल्यावर गेलेलं सगळं सुमारे पाच आठवड्यांत परत आलं. मराठीत आपण म्हणतो ना, की जुनं खोड आहे. त्यात हेच असावं. ज्याने एकदा कमावलंय त्याला परत कमावणं सोपं जातं. म्हणून कॉलेजात कबड्डी खेळलेल्या पण आता ढेरपोटे झालेल्या माझ्या मित्रांनो, तुमचं खातं बंद झालेलं नाही, नुसतं पडून आहे.

पण चरित्राची खरी परीक्षा १९०८ ला झाली. पुन्हा राजद्रोह, आणि या वेळी सहा वर्षं. २२ जुलैला शिक्षा झाली, दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षं पूर्ण झाली. रवानगी ब्रह्मदेशात मंडालेला. लाकडी खोली, उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत वारा. सोबतीला मधुमेह. तेव्हा इन्सुलिनचा शोध लागलेला नव्हता. तो १९२१ चा, टिळक गेल्यानंतरचा. पथ्य हाच इलाज. टिळकांनी खाण्यावर निर्बंध घातले आणि कामाला लागले. १९१०-११ च्या हिवाळ्यात अवघ्या काही महिन्यांत, पेन्सिलीने, त्यांनी गीतारहस्य लिहून काढलं. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात गेल्या. ती बातमी त्यांना त्या खोलीतच सोसावी लागली. जून १९१४ मध्ये ते परत आले, थकलेले, पण उभे. दोन वर्षांत होमरूलच्या प्रचारासाठी गावोगाव फिरायलाही लागले.

म्हणजे तालमीने मधुमेह टळला नाही, हे सरळ कबूल केलं पाहिजे. तारुण्यातला व्यायाम हा जन्मभराचा ताईत नव्हे. पुढची वर्षं टेबलाशी, कोर्टात आणि कोठडीत गेली, की शरीर आपला हिशेब मागतं. त्यातून आपली जात पडली मधुमेहाची. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्य घातलंय. त्यांनी आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघंही दिसायला सडपातळ, दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर जे बारीक दिसतं, त्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त. ते वाचलं आणि माझ्या ६४ किलोंचा अभिमान गळून पडला. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवायचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे आपले स्नायू. कोठारच लहान, तर धान्य अंगणात सांडणारच. इथल्या एनएचएसनेही आपल्या लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ ला आणलेली आहे, ती उगीच नाही.

आता पुन्हा हाउली प्लेसला येऊ. १९१८ च्या ऑक्टोबरअखेर टिळक लंडनला उतरले. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने आपल्या पुस्तकात त्यांच्यावर केलेल्या आरोपांविरुद्ध त्यांनी खटला भरला होता. वय ६२, मधुमेह, लंडनचा हिवाळा, आणि बाहेर इन्फ्लुएंझाची साथ. फेब्रुवारी १९१९ मध्ये ते खटला हरले, खर्चाचा डोंगर अंगावर आला. दुसरा कुणी असता तर पहिल्या बोटीने परत गेला असता. टिळक नोव्हेंबरपर्यंत राहिले. मजूर पक्षाच्या लोकांना भेटले, सभा घेतल्या, पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली, हिंदुस्थानची बाजू मांडत राहिले. त्यानंतर वर्षाच्या आतच, १ ऑगस्ट १९२० रोजी, मुंबईत सरदारगृहात ते गेले.

त्या पाटीखाली उभं राहून मी हिशेब केला. १८७३ ते १९१९, शेहेचाळीस वर्षं. एका वर्षाची कमाई त्या माणसाने तीन तुरुंगवासांत खर्चली, एका आजारात खर्चली आणि म्हातारपणी एका परक्या शहराच्या थंडीत खर्चली. कमाई पुरून उरली असं मी म्हणणार नाही. पण ती नसती तर किती लवकर दिवाळं निघालं असतं, हे त्यांच्या मित्रांच्या तारखा सांगतात असं मला वाटतं.

माझं काय झालं ते सांगून संपवतो. पहिल्या दिवशी नुसता २० किलोचा बार खांद्यावर घेऊन बैठका मारल्या, तर दुसऱ्या दिवशी जिने उतरता येईनात. बायको हसून हसून दमली. तिसऱ्या आठवड्यात वजन भराभर वाढायला लागलं, बारवरचं, आणि मी स्वतःला गामा समजायला लागलो. तो ड्रायव्हर अपडेट आहे हे नंतर कळलं. बाराव्या आठवड्यात ५० किलो घेऊन बैठका व्हायला लागल्या. अंगाचं वजन एकच किलो वाढलं, पण कंबर चार सेंटिमीटरने उतरली. आरशात कुणाला ओळखू येईल असा फरक नव्हता. शर्टाच्या बाहीला मात्र तो कळला. आहारात मोठी अडचण प्रथिनांची. जाणकार किलोमागे दीड ग्रॅमच्या वर सांगतात, म्हणजे मला रोज शंभरेक ग्रॅम. आपल्या वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅम. मग अंडी, दही, पनीर, मोडाची उसळ असं सगळं मोजून खायला लागलो. आठ महिन्यांनी एचबीएवनसी ४० आलं. डॉक्टरीणबाई खूश. पण सोडलं तर परत येईल, हेही त्यांनी बजावलं.

मध्यंतरी आई-बाबा इथे आले होते. बाबा जुने मधुमेही. त्यांना वाटायचं, आता या वयात काय? त्यांना मी बोस्टनचा एक अभ्यास सांगितला. १९९० मध्ये तिथे नव्वदीच्या आसपासच्या दहा आजी-आजोबांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. जे टिकले त्यांच्या पायातली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे नवशिक्याचं जादा व्याज कुठल्याही वयात मिळतं, अट एवढीच की तुम्ही नवशिके असायला हवं. बाबा दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांना विचारून खुर्चीतून दहा वेळा उठबस करायला लागले. पुण्याला गेल्यावरही चालू आहे, असं आई फोनवर सांगते. बाबा स्वतः काही कबूल करत नाहीत.

शेवटी एक योगायोग. टिळकांचं तीन खंडांतलं मोठं चरित्र लिहिलं ते न. चिं. केळकरांनी. त्याच केळकरांनी १९३२ मध्ये लंडनचं महाराष्ट्र मंडळ स्थापन केलं. त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या परंपरेतच आपण आज या परक्या देशात दिवाळी साजरी करतो, अंक काढतो आणि चकल्यांवर ताव मारतो. टिळकांचं बुडालेलं वर्ष ज्यांनी नोंदवून ठेवलं, त्यांचंही आपल्यावर हे ऋण आहे.

आपल्या घरात मुलांच्या अभ्यासाचं, ट्यूशनचं, ग्रामर स्कूलच्या परीक्षेचं बोलणं रोज होतं. वर्ष बुडू नये म्हणून आपण जिवाचं रान करतो. त्यात चूक काही नाही. पण साडेसोळा वर्षांच्या त्या पोरक्या पोराने काय बुडवायचं आणि काय तारायचं हे स्वतः ठरवलं होतं, हे मुलांना कधीतरी सांगायला हवं. आपल्याला तर वर्षही बुडवायचं नाही. आठवड्यातले दोन-तीन तास, तेही बसण्यातून काढलेले. सुरुवातीचे बारा आठवडे नेटाने काढले, की शरीर पुढची वाट आपणच दाखवतं.

फराळ जरूर खा. भाऊबीज झाली की एखाद्या रविवारी कॅमडेन लॉकला या, कालव्याच्या काठाने हाउली प्लेसपर्यंत चालत जाऊ. येताना पाठीवरच्या पिशवीत दोन-चार किलो सामान असू द्या. सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!